नवा फिक्स्ड ब्लेड चाकू सह्याद्रीत वापरून पाहिला : काही निरीक्षणं, काही प्रश्न

घाटवाट

इतकी वर्षं ट्रेकला घडीचा चाकू नेत होतो. त्याचं एक कायमचं दुखणं असतं. बिजागरीत वाळू, चिखल आणि कांद्याचा रस जाऊन बसतो, मग घरी आल्यावर जुना टूथब्रश घेऊन ते काढत बसा. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर न मिटणारा, म्हणजे फिक्स्ड ब्लेड चाकू घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा ब्रँडवरच होते. धाटणी स्वीडिश आहे. पातं दहा सें.मी., जाडी अडीच मि.मी., पोलाद स्टेनलेस. ग्राइंड (पात्याच्या उताराची घडण) 'स्कँडी', म्हणजे पात्याच्या मध्यावरून निघालेला उतार सरळ धारेलाच भिडतो, धारेशी वेगळा कोन नाही. पात्याचा मुठीत जाणारा भाग, म्हणजे टँग, निम्म्याच्या थोडं पुढे गेलाय, मुठीच्या टोकापर्यंत जाणारी फुल टँग नाही. मूठ रबरी, ओल्या हातातही घट्ट बसते. म्यान प्लॅस्टिकचं, पाणी निघून जायला तळाशी भोक.

आधी स्वयंपाकघरात आणला. टोमॅटो आणि कांदा सुरेख चिरला. गाजर आणि सुरण मात्र निम्मं चिरलं जातं आणि पुढे टचकन तडकतं, कारण उतार संपून पात्याची पूर्ण जाडी आत शिरते. नंतर डोंगरात नेला. नायलॉनची दोरी एका ओढीत तुटली. सुकलेल्या कारवीच्या काडीचे इतके पातळ कुरळे निघाले की ओलसर हवेतही एका काडेपेटीच्या काडीत पेटले. ताडपत्रीसाठी बांबूच्या खुंट्या केल्या, तिथे मात्र गाठीवर जोर दिला तेव्हा धारेला बारीक खांड पडली. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण पातं उन्हात तिरकं धरलं की त्या जागी ठिपका चमकतो.

तर माझे प्रश्न. आपल्याकडच्या लाकडाला हे पातं पातळ पडतंय का, की धारेचा कोन बदलून भागेल? पावसाळ्यासाठी स्टेनलेसच बरं, की कार्बन स्टील घ्यायला हवं होतं? आणि कोयता असताना या चाकूची खरंच गरज आहे का? तिसऱ्या प्रश्नावर ट्रेकच्या गटात अजून भांडण चालू आहे.

रानभूल

पहिली! धागा वाचणार. फोटो टाका की, कारवीच्या कुरळ्यांचा तरी.

माडाखाली

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे भाऊ. गरज नाही.

आमच्याकडे कमरेला आकडी आणि आकडीत कोयती. नारळ सोलून झाल्यावर फोडायचा तिनेच, झावळ तोडायची तिनेच, कुंपणाचा शिरडा छाटायचा तिनेच, वाटेत करवंदीची जाळी आडवी आली तर तीही तिनेच बाजूला करायची. वडिलांची कोयती आजही वापरात आहे, मूठ तेवढी बदलली. तुमच्या दहा सेंटिमीटरच्या पात्याने शहाळं फोडून दाखवा, मग मानेन.

घाटवाट

@माडाखाली, शहाळं नाही फुटणार, कबूल. पण तुमच्या कोयतीने काकडीच्या चकत्या करून दाखवा, तुमच्याकडेच जेवायला येतो.

माडाखाली

या. चकत्या आई विळीवर करेल. :)

सोनकी

धागा छान आहे, पण एक टोचलं. कारवी आणि बांबू आणला कुठून? कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून मरते. मधल्या काळात आपण 'टेस्टिंग'साठी काड्या तोडत गेलो तर उतारावरची माती धरून ठेवायला काय उरणार? चाकूचे व्हिडिओ बघून गडांवर येणारी मुलं जिवंत झाडांच्या खोडांवर पात्याची ताकद आजमावताना मी पाहिली आहेत. खोडाची साल गोल निघाली की झाड उभ्या उभ्या वाळतं. म्हणून हा प्रश्न पहिल्याच पानावर विचारतेय.

घाटवाट

@सोनकी ताई, विचारलंत ते बरं केलं. कारवी गावातल्या मामांच्या परड्यातली. त्यांनी घराचा जुना कूड काढून विटांची भिंत घातली, त्या कुडातल्या काड्यांचा ढीग मागे पडला होता. बांबूही त्यांच्याच बेटातला, त्यांनी स्वतः तोडून दिलेला. जंगलातलं काहीच तोडलं नाही. मूळ पोस्टमध्ये हे लिहायला हवं, आत्ताच भर घालतो.

सोनकी

धन्यवाद. मग पुढचं निवांत वाचते.

ऐरण

माझं रोजचं काम हार्डनिंग-टेंपरिंगचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोलाद कडक होतं ते त्यातल्या कार्बनमुळे. लाल तापवून एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवलं की ते अतिशय कडक होतं, पण ठिसूळही. मग पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवून तो ठिसूळपणा थोडा उतरवायचा. पहिलं हार्डनिंग, दुसरं टेंपरिंग. गावचा लोहार हे सगळं मिळून 'पाणी देणं' म्हणतो. त्याच्याकडे भट्टीचा मीटर नसतो, पात्यावर चढणारा रंग बघून तो तापमान ओळखतो. फिकट पिवळा म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास, निळा म्हणजे तीनशेच्या घरात.

स्वीडिश चाकूंत १२सी२७ हे स्टेनलेस पुष्कळ वापरतात. त्यात कार्बन सुमारे ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा टक्के. कडकपणा रॉकवेलच्या 'सी' मापावर साधारण ५६ ते ५८. आपला कोयता बहुधा ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवतात. त्यातही कार्बन ०.५ ते ०.६ टक्केच असतो, पण त्याला घाव सोसायचे असतात म्हणून तो जास्त नरम ठेवतात आणि पाणी फक्त धारेच्या पट्टीला देतात. अशा कोयत्याची धार दगडावर आपटली तर वाकते, तुटत नाही, आणि कानशीने जागच्या जागी सरळ करता येते. तुमच्या चाकूला कानस लावलीत तर ती नुसती घसरेल.

म्हणजे दोघांचं कामच वेगळं. @माडाखाली आणि @घाटवाट, तुम्ही दोघंही बरोबर आहात. :)

आता खांडेबद्दल. स्कँडी उतार दोन्ही बाजूंनी धरून पंचवीसेक अंशांचा असतो. ती फार बारीक कड झाली. त्यात बांबूच्या सालीत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच घटक. कुठल्याही पात्याची धार बांबू लवकर खातो. शक्यतो आतल्या बाजूने बाहेर सोलायचा आणि गाठीवर चाकू पिळायचा नाही. पिळलं की बाजूने जोर येतो, आणि पातळ कड तो सोसत नाही.

चुलीवरचं

ऐरण काका, दंडवत. खूण साठवली.

बर्फाळ_बयो

मी स्वीडनमध्ये राहते, तेव्हा या धाटणीच्या माहेरची थोडी माहिती देते. डालार्ना प्रांतात सिल्यान तलावाच्या काठी मोरा नावाचं गाव आहे. वासालोप्पेत ही नव्वद किलोमीटरची स्की शर्यत १९२२ पासून तिथेच संपते. त्याच्या शेजारच्या ओस्टनूर वाडीत चाकूंचे कारखाने वाढले. आजची कंपनी आपली सुरुवात १८९१ पासून मोजते. लाल लाकडी मुठीचा चाकू इथे सुताराकडे, कोळ्याकडे, शेतकऱ्याकडे, सगळ्यांकडे सापडतो. त्याचं कोणाला कौतुक नसतं. रंगाचा डबा उघडायला, मासा साफ करायला, दोरी कापायला तोच.

शाळेत 'स्लॉइड' म्हणजे हस्तकलेचा विषय सक्तीचा आहे. लाकूडकामाच्या तासाला मुलं सुरी धरायला शिकतात. माझी लेक पहिल्यांदा लोण्याची लाकडी सुरी कोरून घरी आली तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला होता. तिची पकड मात्र माझ्यापेक्षा नीट होती.

मला मुद्दा मांडायचाय तो लाकडाचा. इथे पाइन, स्प्रूस आणि बर्च. पाइन इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो. स्कँडी उतार अशा लाकडासाठीच मुरलेला आहे. पातं लाकडावर टेकवलं की उतारच हाताला कोन दाखवतो, म्हणून नवशिक्यालाही लांब सलग कुरळे काढता येतात. हीच कड तुम्ही आपल्या खैरावर किंवा ऐनावर लावलीत तर ती तक्रार करणारच. दोष ना चाकूचा ना खैराचा.

घाटवाट

@बर्फाळ_बयो ताई, हे मला अजिबात सुचलं नव्हतं. पाइनच्या देशातली कड खैराच्या देशात आली, म्हणून कोन बदलायचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

नवखा_ट्रेकर

मी पण असाच चाकू घ्यायचा विचार करतोय. पुढच्या महिन्यात हरिश्चंद्रगड आहे, तिकडे नेला तर चालेल ना? आणि लोकलमध्ये पोलिसांनी अडवलं तर?

कलमबहाद्दर

@नवखा_ट्रेकर, हरिश्चंद्रगडावर नेऊ नकोस. कारण नीट समजून घे, ट्रेकर मंडळींपैकी फार थोड्यांना ते माहीत असतं.

हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाईचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम ३१ सांगतं की लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. आणि त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, धनुष्यबाण, फास आणि सापळे यांच्या पंगतीला चाकूही बसवलाय. पात्याची लांबी तिथे दिलेलीच नाही. म्हणजे दहा सेंटिमीटरचाही आलाच. भीमाशंकर, कोयना (वासोटा त्यातच), राधानगरी, फणसाड, सगळीकडे हेच. राष्ट्रीय उद्यानांनाही हे कलम लागू होतं. सोबत कलम ३० पण वाचा, ते आगीबद्दल आहे.

बाहेरच्या जगासाठी शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम. त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली वगळली आहेत. घाटवाट यांचा चाकू या मापात बसत नाही. पण म्हणून तो कमरेला लावून लक्ष्मी रोडवर फिरायची मोकळीक मिळते असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निवडणुका, सण, तणाव अशा वेळी मनाई आदेश निघतात आणि त्यात सुरे-चाकू बाळगायला बंदी असते. असे आदेश मोठ्या शहरांत वारंवार निघतात. शिवाय पुण्यात कोयता गँगच्या बातम्या झाल्यापासून पोलीस पिशवीत पातं दिसलं की चौकशी करतात, आणि ते त्यांचं कामच आहे.

व्यवहारात असं करावं: चाकू म्यानात, म्यान सॅकच्या तळाशी, वर स्वयंपाकाचं सामान. पायथ्याच्या गावात पोचल्यावरच बाहेर काढायचा. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात टाकावा.

नवखा_ट्रेकर

बापरे. पण गडावर गावकरी तर कोयते घेऊनच फिरतात की.

कलमबहाद्दर

ते तिथे राहतात, गुरं राखतात, शेती करतात. त्यांच्या कोयत्याकडे बोट दाखवून आपल्याला सूट मिळत नाही. आपण पाहुणे.

सोनकी

@कलमबहाद्दर यांना हजार मोदक. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवा कोणीतरी.

चुलीवरचं

मग अभयारण्यात जाताना काय करायचं, तर भाजी घरूनच चिरून न्यायची. मी नेहमी तेच करते. कांदा चिरून ओल्या कापडात गुंडाळायचा आणि डब्यात घट्ट बंद करायचा, एक दिवस आरामात टिकतो. लसूण सोलून, मिरच्या अख्ख्या, आलं घरीच ठेचून. गडावर खिचडी टाकायला सुरी लागतच नाही. आणि पायथ्याच्या ज्या घरी जेवणार, तिथे विळी असतेच. त्या घरच्या मावशींकडे जेवलात तर त्यांना चार पैसेही मिळतात.

अवांतर: फिक्स्ड ब्लेडची खरी परीक्षा बघायची असेल तर मे महिन्यात फणसावर बघा. पात्याला आणि दोन्ही हातांना खोबरेल चोळून घ्यायचं, देठाशी पहिला काप घेतला की चीक वाहू द्यायचा, केळीच्या पानाने पुसायचा आणि मगच पुढे. घडीच्या चाकूत तो चीक एकदा शिरला की तो चाकू संपला.

माडाखाली

फणसाचं नाव काढलंत. आता यावंच लागेल तुम्हाला सगळ्यांना. कापा की बरका, आधी सांगून ठेवा.

रानभूल

कापा! कापा! बरक्याचे साट चालतील.

दोरखंड

धागा फणसावर गेलाच आहे तर त्याला परत दोरीवर आणतो. आम्ही डोंगरात शोध आणि बचावाच्या कामाला जातो. तिथला एकच मुद्दा लिहितो, कारण 'इमर्जन्सीला दोरी कापायला' म्हणून बरेच जण चाकू घेतात.

मोकळ्या नायलॉन दोरीला चाकू ओढावा लागतो. माणसाच्या वजनाने ताणलेल्या दोरीला धार नुसती लागली तरी तंतू फाटत जातात आणि क्षणात दोरी सुटते. भार असलेल्या दोरीजवळ उघडं पातं आणायचंच नाही. जखमीचे कपडे कापायलाही आम्ही चाकू वापरत नाही. बोथट टोकाची मोठी कात्री असते, तिचं खालचं पातं कातडीवरून सरकतं, टोचत नाही. औषधांच्या पेटीत ती ठेवा. चाकूपेक्षा तिचाच उपयोग आधी होईल.

आणि बसायचं कसं हे ठरवून बसा. खुंटी तासताना लोक मांडी घालून मांडीवरच काडी धरतात. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. ती कापली गेली तर डोंगरातून खाली आणेपर्यंत वेळ उरत नाही. दगडावर बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा, काडी गुडघ्यांच्या पुढे धरा आणि पातं अंगापासून लांब न्या. हात लांब करून स्वतःभोवती फिरवा. त्या वर्तुळात दुसरं कोणी असेल तर थांबा. चाकू दुसऱ्याला देताना हातात देण्यापेक्षा जमिनीवर ठेवा, त्याने उचलू दे.

बर्फाळ_बयो

@दोरखंड, अगदी. इथे मुलांना पहिल्या तासाला हेच वर्तुळ काढायला लावतात. आणि कलमबहाद्दर यांनी लिहिलं त्यात भर: स्वीडनमध्येही १९८८ च्या कायद्याने सार्वजनिक जागी योग्य कारणाशिवाय चाकू बाळगता येत नाही. सुताराला कामावर चालतो, मशरूम वेचायला जाताना चालतो, संध्याकाळी शहरातल्या चौकात चालत नाही.

सह्यपठार

मी इथे विरोधी सूर लावतो. पातळ पातं, अर्धी टँग, हे सगळं काकडी चिरण्यापुरतं ठीक. मुसळधार पावसात अडकलात, लाकूड बाहेरून भिजलंय, आतलं कोरडं काढायचंय, तर ते फोडावं लागतं. चाकूच्या पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड चिरायचं, ज्याला बॅटनिंग म्हणतात. त्याला चार-पाच मि.मी. जाडीचं, मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं पातं लागतं. उद्या वेळ आली तर तुमचा चाकू मुठीतून निखळेल. एकदाच घ्यायचा तर दणकट घ्यावा.

घाटवाट

@सह्यपठार दादा, यावर मी बराच विचार केला होता. सह्याद्रीत आपण गावापासून कितीसे लांब असतो? बहुतेक घाटवाटांवर दोन-तीन तासांच्या अंतरात वाडी, धनगरपाडा किंवा देऊळ लागतं. पावसात अडकलो तर मी आधी कोरडे कपडे आणि ताडपत्री बघेन, शेकोटी नंतर. आणि चुलीचं म्हणाल तर आता आम्ही गॅसचा छोटा स्टोव्हच नेतो. गडावरच्या टाक्यांशेजारी, देवळात शेकोट्या करून काळी झालेली भिंत बघितली की पेटवावंसंच वाटत नाही.

पाच मि.मी. जाडीचा एका मित्राचा चाकू हातात घेऊन पाहिला. वजनदार आहे, मजबूत आहे. पण त्याने कांदा चिरायला गेलं तर कांदा फुटतो. मी ट्रेकला जे करतो त्यात नव्वद टक्के खाणं आणि दोरी. त्याला पातळच बरा.

सह्यपठार

हिमालयात काय कराल?

दोरखंड

@सह्यपठार, हिमालयात वृक्षरेषेच्या वर फोडायला लाकूडच नसतं. खाली असतं तिथे देवदार आणि भूर्ज, ते तोडायचं नाही. मी तर तिथेही लहानच चाकू नेतो. पण तुमचा मुद्दा कामाच्या जागेवर ठरतो हे मान्य. कोणी वनमजूर असेल, कोणी शेतावर राहत असेल, त्याला जाड पातं किंवा सरळ कोयताच हवा.

सह्यपठार

माझी शेतावरच राहणी आहे. म्हणून तसं लिहिलं असेल. :) ट्रेकपुरतं मान्य.

सहाण

उशिरा आलो. खांडेचं आणि कोनाचं उत्तर अजून कोणी कृतीसकट दिलेलं दिसत नाही, म्हणून लिहितो.

हार्डवेअरच्या दुकानात करड्या रंगाचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत आणि एक बारीक. सुरुवातीला तेवढा पुरतो. स्कँडी उतार दगडावर सपाट बसवायचा. उतारावर मार्कर पेनने काळं फासायचं आणि चार हात मारून बघायचं. काळं सगळीकडून सारखं निघालं तर कोन बरोबर. फक्त वरून निघालं तर पातं फार झोपवलंय, फक्त धारेशी निघालं तर जास्त उचललंय. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराला बारीक खरखर लागते. तिला बर म्हणतात. बोट धारेच्या दिशेने नाही, धारेपासून बाहेर सरकवून बघायचं. टाचेपासून (मुठीजवळून) टोकापर्यंत बर आली की बाजू पालटायची. खांड निघेपर्यंत हे करायचं, घाई करायची नाही.

त्यानंतर मायक्रोबेव्हल, म्हणजे अगदी धारेशी जरा जास्त कोनाचा बारीक उतार. हजार ग्रिटच्या, म्हणजे बारीक कणाच्या दगडावर पातं जरा उचलायचं, एका बाजूला साधारण वीस अंश, आणि वजन न देता प्रत्येक बाजूला दोन-चार हलके हात. धारेशी केसाएवढी चमकती रेघ दिसली की थांबायचं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर पातं मागे ओढायचं, म्हणजे उरलेली बर निघून जाते. दुकानातल्या पावतीचा पातळ कागद सरळ कापला गेला पाहिजे.

ग्राइंडरवाल्याकडे अजिबात देऊ नका. सुक्या चाकावर पातळ कड क्षणात तापते. ऐरण यांनी निळ्या रंगाचं लिहिलंय ना, तो रंग धारेला दिसला की तिथलं पाणी उतरलं. मग ती धार काही केल्या टिकत नाही.

ऐरण

@सहाण, शब्दाशब्दाला सहमत.

घाटवाट

@सहाण काका, या आठवड्यात करून बघतो आणि इथेच सांगतो.

नवखा_ट्रेकर

दुसरा प्रश्न राहिलाच की. स्टेनलेस की कार्बन?

माडाखाली

याला माझं उत्तर ऐका, चाकूविरोधी असलो तरी. समुद्राच्या वाऱ्यात कार्बनचं पातं रात्री पुसून ठेवलं नाही तर सकाळी तांबूस. आम्ही कोयतीला खोबरेलाचा हात फिरवतो आणि भिंतीला उघडी अडकवतो. चामड्याच्या म्यानात पावसाळ्यात काहीही ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यावर बुरशी येते आणि आत गंज. तुमचं प्लॅस्टिकचं म्यान दिसायला कसंही असलं तरी इकडच्या हवेला तेच बरं.

चुलीवरचं

आजीची लोखंडी विळी कार्बनचीच. तिच्यावर वांगं चिरलं की काळं पडायचं, म्हणून फोडी लगेच पाण्यात. चिंच चिरली तर पात्यावर निळसर डाग. पण धार अशी की मेथी आपोआप खाली पडायची. वापर झाला की आजी ती राखेने घासून, पुसून, मिटून ठेवायची. रोज हात फिरणार असेल तरच कार्बन घ्या.

ऐरण

चुलीवरचं यांनी म्हटलेले काळे-निळे डाग चांगलेच. लिंबू, कांदा, चिंच यांच्या आंबटाने पात्यावर काळसर थर बसतो आणि तो तांबड्या गंजाला थोडा आवर घालतो. पण थोडाच. स्टेनलेसमध्ये क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर असतं, त्यामुळे पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा न दिसणारा थर आपोआप बनत राहतो. तरी ते 'कधीच न गंजणारं' नाही. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुवा.

कार्बनचा एक खरा फायदा: बारीक दगडावर धार लवकर येते. आणि ठिणगी पाडायची फेरो सळई वापरत असाल तर तिला पात्याची पाठ काटकोनात, धारदार कडेची लागते, पोलाद कुठलंही असो. पाठ गोलसर असेल तर कानशीने नव्हे (ती घसरेल), खरखरीत दगडावर मुठीजवळची दोन-तीन सें.मी. पाठ सपाट घासा. अंगठा टेकतो ती जागा सोडा.

सह्याद्रीत जून ते सप्टेंबर चाकू सॅकमध्ये ओलाच राहणार. माझं मत स्टेनलेसला.

घाटवाट

कबूल केल्याप्रमाणे परत आलो.

खांड काढायला वाटलं त्यापेक्षा वेळ लागला, पण मार्करची युक्ती नसती तर मी टोकाशी कोन नक्की बिघडवला असता. तिथे पात्याला वळण आहे, म्हणून मूठ हळूहळू वर उचलावी लागते हे काळी शाई बघूनच कळलं. मग सहाण काकांनी सांगितल्याप्रमाणे मायक्रोबेव्हल. तीच खुंटी, तोच बांबू, तीच गाठ. या वेळी पिळलं नाही, आतून बाहेर तासलं. पातं उन्हात तिरकं धरून पाहिलं, रेघ सलग आहे, कुठेही ठिपका नाही. कारवीचे कुरळे आता किंचित जाड निघतात, पण पेटतात. टोमॅटोला काही फरक पडला नाही.

पाठही मुठीजवळ घासून घेतली. फेरो सळईवर आता दणदणीत ठिणग्या पडतात. घरच्या गच्चीवर पाहिल्या, डोंगरात नाही.

गटातल्या भांडणाचा निकालही लागला. राजगडाच्या बाजूला जाऊ तेव्हा चाकू असेल, अभयारण्यातल्या वाटांना घरी राहील. आणि कोयता गावातल्या मामांकडे आहेच, तो त्यांच्याच हातात शोभतो.

माडाखाली

एवढं मान्य केलंत ना, मग फणस माझ्याकडून. चाकू घेऊन या, बघू त्याची कमाल.

नवखा_ट्रेकर

@सहाण काका, एक शेवटची शंका. मायक्रोबेव्हल एकदा केला की पुढे दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सगळा उतार घासायचा का?

सहाण

नाही. धार उतरली की फक्त त्याच केसाएवढ्या रेघेवर बारीक दगडाचे दोन-चार हात, वर पट्टा. असं काही वेळा केलं की रेघ रुंद होत जाते आणि धारेमागचं पातं जाड वाटू लागतं, कापताना अडतं. रेघ अर्ध्या मि.मी.एवढी दिसायला लागली की मग एकदा पूर्ण उतार दगडावर झोपवून घासून घ्यायचा, रेघ जवळजवळ नाहीशी होईपर्यंत. आणि दगड दोन्ही बाजूंनी सपाट ठेवा. मध्ये खोलगट झाला की कोन हातात राहत नाही.